स्वस्तातला स्टेक, आणि तो चावता यावा म्हणून

मागच्या अंकात मटणाच्या कोणत्या भागाचा रस्सा करावा आणि कोणत्याचं सुकं, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच : रस्सा राहू द्या काका, उन्हाळा आलाय, ग्रिलचं बोला. आणि महागातलं सांगू नका. रिबआय कोणालाही भाजता येतो, हे खरंच आहे. माझी नोकरीची वर्षं ह्यूस्टनच्या एका सुपरमार्केटच्या मांस विभागात सुऱ्या परजण्यात गेली आणि मूळ घर वसईचं, त्यामुळे बीफचं मला अप्रूपही नाही आणि वावडंही नाही. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांच्यासाठी खाली वेगळं उत्तर आहे, त्यांनी थेट तेच वाचावं.

काका, सेल होता म्हणून बॉटम राउंडचे स्टेक आणले. दही, लिंबू, आलं-लसूण, तिखट लावून दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवले. ग्रिलवरून काढले तर वरून पिठूळ आणि आत चामडं. पाहुण्यांनी निमूट खाल्लं, पण मुलगा म्हणाला, "बाबा, बर्गरच करायचे होते ना." चुकलं कुठे?
— एक वाचक, शुगर लँड

मुलगा शहाणा आहे, त्याला नाराज करू नका.

मुरवण्याच्या आधीच, दुकानातच गडबड झाली. मटणवाल्यासमोर आपण कसे नाव घेऊन मागतो : चाप दे, सीना दे, दोन नळ्या टाक, मांडीचं कमी कर. अमेरिकन काउंटरवर मात्र तोच माणूस लाल रंग आणि पिवळं लेबल बघून पाकीट उचलतो. राउंड म्हणजे जनावराची मागची मांडी. आयुष्यभर चालण्याचं काम करणारे स्नायू, चरबी नावाला आणि धाग्यांच्या मध्ये चिवट पडदे. त्या पडद्यांतलं कोलॅजन मऊ व्हायला ७० अंश सेल्सिअसच्या वर तासन् तास लागतात, तेही ओलाव्यात. ग्रिलवर तुम्ही त्याला दिली दहा मिनिटं. तेवढ्यात कोलॅजन विरघळत नाही, उलट आवळतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. बॉटम राउंड, ब्रिस्केट, शँक हे सगळं पातेल्याचं किंवा कुकरचं मांस. आय ऑफ राउंड तर दिसायला थेट महागड्या फिलेसारखा (आपल्याकडचा अंडरकट) गोल आणि गुळगुळीत, आणि किती लोक त्याला फसतात ते मी काउंटरमागून पाहिलेलं आहे.

ग्रिलसाठी स्वस्तातलं हवं असेल तर दोन गटांकडे बघा. पहिला पोटाकडचा : फ्लँक, स्कर्ट, फ्लॅप. यांचे धागे लांब आणि जाड असतात, पण चिवट पडदे कमी. जोराच्या आचेवर झटपट भाजून नीट कापले की काम झालं. दुसरा गट खांद्याकडचा, म्हणजे चक. खांदा एकूण चिवटच, पण त्यात दोन-तीन स्नायू मऊ निघतात : फ्लॅट आयर्न, चक आय, डेन्व्हर. त्यातला फ्लॅट आयर्न मला सगळ्यांत आवडतो. फिलेच्या खालोखाल मऊ असणारा स्नायू तोच, पण मधोमध एक जाड पांढरी शीर जाते म्हणून पूर्वी तो खिम्यात किंवा रोस्टमध्ये जायचा. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी खांद्याचा स्नायू न् स्नायू तपासून ती शीर आडवी काढून दोन सपाट स्टेक करायची पद्धत रूढ केली. तुमच्या दुकानात फ्लॅट आयर्न नसेल आणि टॉप ब्लेड असेल तर तोच घ्या. शीर मध्ये दिसेल, ती ताटात बाजूला काढायची.

आता तुमचं दही-लिंबू. आम्ल मांसात फार आत जात नाही, रात्रभर ठेवलं तरी काही मिलिमीटर. म्हणून दोन दिवसांत पृष्ठभाग आंबून पिठूळ झाला आणि मध्यभागाला लिंबू लागल्याची खबरही नव्हती. आलं-लसूण, तिखट, गरम मसाला यांचंही तेच, ही सगळी मंडळी उंबऱ्यावरच बसतात. आत जातं ते मीठ. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग ते खारं पाणी मांस परत शोषून घेतं. मिठामुळे मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात. म्हणून मुरवण्यात मीठ मोजून आणि वेळेवर पडलं पाहिजे, बाकी सगळा साज.

प्रमाण : पौंडामागे जाडं कोशर मीठ पाऊण चमचा. साधं बारीक मीठ असेल तर त्याच्या निम्मं. कोशर मिठातही डायमंड क्रिस्टल हलकं असतं आणि मॉर्टन जड, तेव्हा डबा बदललात तर हातही आवरा. मीठ आदल्या रात्री चोळून, न झाकता, जाळीच्या ताटलीत फ्रिजमध्ये ठेवलंत तर उत्तम. रात्र नाही मिळाली तर निदान पाऊण तास. भाजायच्या आधी दहा मिनिटं मीठ लावणं सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा पाणी नेमकं वर आलेलं असतं आणि ते सगळं जाळीवर वाफ होऊन जातं.

माझ्या घरची मुरवण सांगतो, दोन पौंड फ्लँक किंवा फ्लॅपसाठी. लसणाच्या सहा पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून, माडाचं व्हिनेगर दोन मोठे चमचे (गोवेकर शेजारी नसतील तर सफरचंदाचं), तेल तीन मोठे चमचे, जाडसर कुटलेली मिरी एक चमचा, बाटली मसाला दोन चमचे, गूळ सुपारीएवढा. वसईच्या बाहेरच्यांसाठी : बाटली मसाला म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात वीसेक जिन्नस भाजून, कांडून, बियरच्या तपकिरी बाटल्यांत दाबून भरतात तो. तो नसेल तर मालवणी मसाला घ्या, छान लागतो. या मिश्रणाचे आधीच दोन भाग करा. अर्धा मांसाला लावून चार ते सहा तास फ्रिजमध्ये, अर्धा तसाच वेगळ्या वाटीत. मीठ वर सांगितल्याप्रमाणे आधीच लावलेलं आहे, म्हणून यात नाही. लक्षात ठेवा, नाहीतर समुद्र व्हायचा.

जाळीवर टाकण्याआधी मांस कागदाच्या रुमालाने पुसून खडखडीत कोरडं करायचं. हो, एवढं मुरवून पुसायचं. लसणाचे ओले कण निखाऱ्यावर दोन मिनिटांत कोळसा होतात आणि कडू लागतात. शिवाय ओल्या पृष्ठभागाची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते, खमंग तपकिरी रंग येतच नाही. चव गेली असं वाटेल, पण वाटीत अर्धा भाग ठेवलाय ना? भाजून, कापून झालं की गरम कापांवर तो ओतायचा. कच्च्या लसणाचा आणि व्हिनेगरचा तो वास ज्या वेळी गरम मांसावर चढतो, त्या वेळी आमच्याकडे पाव आधीच हातात असतो.

तुमच्या बॉटम राउंडचं उरलेलं पाकीट फ्रीझरमध्ये असेल तर त्याला आता कुकरला लावा, वाटण घालून.

धाग्यांना आडवं कापा, असं सगळे सांगतात. मला धागेच दिसत नाहीत. चष्मा आहे, तरी.
— एक वाचक, शार्लट

ताई, भाजल्यावर शोधू नका, कच्चं असतानाच बघा. काळपट साल चढली की मलाही पटकन दिसत नाहीत.

फ्लँक ओट्यावर पसरा. साधारण फूटभर लांब, चपटा, पानाच्या आकाराचा. त्याच्या लांबीत एका टोकाकडून दुसऱ्याकडे रेषा गेलेल्या स्पष्ट दिसतील, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या शेजारी शेजारी. त्या लांबीत जातात, म्हणून सुरी रुंदीत चालवायची. हे सोपं.

घोळ होतो तो स्कर्टमध्ये. स्कर्ट म्हणजे दोन-दोन फूट लांब, चार-पाच बोटं रुंद पट्टी. तिचे धागे लांबीत जात नाहीत, रुंदीत जातात, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडवे. पट्टी समोर ठेवली की हात आपोआप तिची रुंदी कापत सुटतो, आणि मग प्रत्येक काप म्हणजे अख्खे लांब धागे. तोंडात दोरी. म्हणून स्कर्टची पट्टी भाजून झाल्यावर आधी चार-चार इंचांचे तुकडे करायचे. मग प्रत्येक तुकडा पाटावर पाव फेरा फिरवायचा, आणि आता धाग्यांवरून आडवी सुरी. काप पाव इंचापेक्षा जाड नको, आणि सुरी थोडी तिरपी धरली की काप रुंद दिसतात, ताट भरतं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी जाता जाता : तुमच्याकडचा ट्राय-टिप तिकोनी असतो आणि त्याचे धागे मधल्या वाकणाशी दिशा बदलतात. वाकणावर दोन भाग करा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करा. सांता मारियाकडे त्याला मीठ, मिरी, लसूण यापलीकडे काही लावत नाहीत आणि लाल ओकच्या लाकडावर भाजतात. मसाल्याचा डबा उघडायच्या आधी एकदा तसा खाऊन बघा.

हे कापण्याचं प्रकरण मी इतकं ताणून सांगतोय, कारण काउंटरवर परत येऊन "तुमचं मांस चिवट होतं" म्हणणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारायचो : कापलं कसं? धागा लांब राहिला तर तो दातांना तोडावा लागतो. तो सुरीने आधीच पाव इंचाचा केला की दातांना काही कामच उरत नाही. हे कोणत्याही मुरवणीला जमत नाही.

सासूबाई मटणाला कच्ची पपई लावतात. स्टेकला लावली तर चालेल का? किती? सालीसकट?
— एक वाचक, एडिसन

सासूबाईंचं बरोबर आहे, पण त्यांचं मटण नंतर शिजतं. पपईतलं पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, आणि त्याचा खरा जोर थंडीत नसतो, ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे फ्रिजमध्ये ते रेंगाळतं आणि मांस तापू लागलं की धावत सुटतं. जास्त लावलं, जास्त वेळ ठेवलं, की वरचा थर खिमट, लगद्यासारखा. तेही आत जात नाहीच, आम्लासारखंच दारात थांबतं.

अननसातलं ब्रोमेलेन, किवीतलं ॲक्टिनिडिन, आल्यातलं झिंजिबेन, सगळी एकाच जातीची. डब्यातला अननस वापरणार असाल तर त्याचा उपयोग फक्त गोडीला, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो आणि एन्झाइम मेलेलं असतं.

माझा सल्ला : जाड स्टेकला पपई लावूच नका. सीख किंवा कबाबासाठी इंचभराचे चौकोनी तुकडे करणार असाल, तर पौंडाला सालीसकट किसलेली कच्ची पपई एक चमचा, अर्धा तास, बस. आणि पातळ काप करून तव्यावर परतणार असाल तर पपईपेक्षा खाण्याचा सोडा बरा. अर्धा कप पाण्यात एक चमचा सोडा, त्यात पाऊण पौंड काप पंधरा मिनिटं, मग नळाखाली नीट धुऊन, पुसून. चिनी हॉटेलांतलं बीफ इतकं लुसलुशीत कसं, याचं अर्धं उत्तर हेच. धुतलं नाही तर साबण खाल्ल्यासारखं लागेल.

मला आतून गुलाबी आवडतं, घरच्यांना "रक्त" दिसलं की ताट सरकवतात. वडील ऐंशीच्या घरात आहेत. सुरक्षित काय, आणि एकाच ग्रिलवर दोघांचं कसं जमवायचं?
— एक वाचक, नेपरव्हिल

ते रक्त नाही. रक्त कत्तलखान्यातच निथळून जातं. तो रंग मायोग्लोबिनचा, स्नायूत प्राणवायू साठवणारं प्रथिन, पाण्यात मिसळून वाहतं. हे तुम्ही घरी सांगून बघा, मला यश आलेलं नाही.

अमेरिकन कृषी खात्याची शिफारस अख्ख्या स्टेकसाठी १४५ अंश फॅरनहाइट आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती. खिम्यासाठी, म्हणजे बर्गरसाठी, १६०. फरक यासाठी, की अख्ख्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात आणि निखाऱ्यावर मरतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. हॉटेलात मीडियम रेअर म्हणून देतात ते १३० ते १३५. तुम्ही धडधाकट आहात, तुमचं तुम्ही ठरवा. वडिलांना, गरोदर बाईला, लहान मुलांना मात्र १४५च्या खाली देऊ नका, इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

एक गोष्ट पाकिटावर वाचा. स्वस्तातला स्टेक मऊ करण्यासाठी काही ठिकाणी यंत्राच्या पात्यांनी किंवा सुयांनी टोचून ठेवतात. टोचलं म्हणजे बाहेरचे जंतू आत गेले, हिशेब खिम्यासारखा झाला. मे २०१६पासून अशा पाकिटावर यंत्राने, पात्यांनी किंवा सुयांनी मऊ केल्याचं लिहिणं आणि शिजवण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात. असा स्टेक गुलाबी ठेवू नका, पाकिटावरचं तापमान पाळा. घरी टोचण्याचं यंत्र वापरत असाल तर नियम तोच.

एकाच ग्रिलवर दोघांसाठी : सगळे पेटलेले कोळसे एका बाजूला करा, दुसरी बाजू रिकामी. गॅसचं असेल तर एक बर्नर बंद. झाकण लावून दहा मिनिटं जाळी तापवा. तळहात जाळीच्या वर चार बोटं धरून दोन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर जाळी तयार. फ्लँक इंचभर जाड असेल तर पेटत्या बाजूला दर बाजूला चार ते पाच मिनिटं. मग त्याचे दोन भाग करा. तुमचा भाग पाटावर, घरच्यांचा रिकाम्या बाजूला झाकणाखाली, आतलं तापमान चढेपर्यंत. उतरवल्यावरही पाचेक अंश वर जातं, म्हणून तुमचा भाग १२५ ते १३०लाच उचला. झटपट दाखवणारा थर्मामीटर घ्याच. बोटाने दाबून ओळखता येतं म्हणणारे दिवसाला शंभर स्टेक भाजतात, आपण महिन्याला दोन.

घरी सगळ्यांनाच पूर्ण शिजलेलं लागत असेल तर फ्लँक आणूच नका, १६०ला तो कोरडा ठणठणीत होतो. फ्लॅप किंवा फ्लॅट आयर्न आणा. धाग्यांमध्ये चरबीची जाळी असते, ती जास्त आच सोसते.

फजिताचं मांस गरिबांचं म्हणतात. मग स्कर्टचा भाव बघून डोळे का पांढरे होतात?
— एक वाचक, ऑस्टिन

कारण तुमच्याच गावच्या लोकांनी तो खाऊन दाखवला! दक्षिण टेक्ससच्या रँचवर मेक्सिकन वंशाच्या गड्यांना मजुरीचा भाग म्हणून डोकं, आतडी आणि हा श्वासपटलाचा पट्टा मिळायचा. ते तो निखाऱ्यावर भाजून पिठाच्या टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, गुंडाळून खायचे, तोच फजिता. १९६९च्या सप्टेंबरात सॉनी फाल्कन या ऑस्टिनच्या खाटकाने जवळच्या काइल गावात जत्रेत फजिताचा ठेला लावला. १९७३ साली इथे ह्यूस्टनला नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर निन्फा लॉरेन्झो या बाईने टॉर्टियाच्या कारखान्यातच छोटं हॉटेल काढलं, आणि निखाऱ्यावरच्या मांसाचे तिचे टाको शहराने डोक्यावर घेतले. पुढे देशभरच्या हॉटेलांत चरचरणाऱ्या तव्यावर तो आला. आता हिशेब करा : एका जनावराला स्कर्ट असतो किती? काही पौंडच. मागणी देशाची. भाव चढणारच.

तेव्हा स्कर्ट घ्यायचाच तर दोन प्रकार आहेत हे जाणून घ्या. आउटसाइड स्कर्ट हे श्वासपटल, जाडसर आणि मऊ, बहुतेक हॉटेलांकडे जातं. दुकानात मिळतो तो बहुधा इनसाइड, पोटाच्या भिंतीचा स्नायू, रुंद, पातळ आणि जरा चिवट. भाव जवळपास सारखाच लावलेला दिसला तर इनसाइड सोडून द्या.

त्याऐवजी मेक्सिकन किराणा दुकानाच्या मांस काउंटरवर जा. आपले लोक भारतीय दुकानात आणि मोठ्या वेअरहाउसमध्ये जातात, हे मधलं दुकान राहून जातं. तिथे फ्लॅप मिळतो, आणि दिएस्मियो म्हणून चकचे पाव इंच जाडीचे काप मिळतात. इतके पातळ, की चिवटपणाला जागाच उरत नाही. मीठ, लिंबू, संत्र्याचा रस, ठेचलेला लसूण लावून तासभर. इथे आम्लाची भीती नाही, कारण काप मुळातच पातळ आणि वेळ थोडा. मग जास्तीत जास्त आचेवर दर बाजूला दीड-दोन मिनिटं. थर्मामीटर यात टोचता येत नाही, डोळ्यांनी बघायचं : कडा तपकिरी, वर थेंब आले की उलटवायचं. बरोबर कांद्याची अख्खी पात आणि हिरव्या मिरच्या जाळीवर टाका.

कोरियन दुकान जवळ असेल तर बरगड्यांचे आडवे कापलेले पातळ पट्टे बघा, युक्ती तीच. पण त्यांचा भावही आता गगनाला भिडलाय.

अपार्टमेंटमध्ये ग्रिलला परवानगी नाही. आमच्या नशिबी हे नाहीच का?
— एक वाचक, जर्सी सिटी

लीज मोडू नका, बाल्कनीतल्या आगी खऱ्या असतात. आईने दिलेला बिडाचा तवा आहे का? डोसे-घावण्यांपुरताच ठेवलाय ना? तोच काढा. धूर येईपर्यंत पाच-सात मिनिटं तापवा, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. तेल तव्यात नको, पुसलेल्या मांसाला लावा. फ्लॅट आयर्न दर बाजूला चार मिनिटं, मधूनमधून उलटवलं तरी काही बिघडत नाही. साखर किंवा गूळ घातलेली मुरवण तव्यावर वापरू नका, जळून चिकटेल. कोळशाचा वास येणार नाही, पण खमंग साल जाळीपेक्षा बिडावर जास्त चांगली येते, कारण अख्खा पृष्ठभाग टेकतो. दह्याच्या मुरवणी तव्याला मानवत नाहीत, पाणी सुटतं.

आमच्याकडे बीफ चालत नाही, डुक्करही नाही. ही सगळी विद्या आमच्या काही उपयोगाची?
— एक वाचक, फ्रेमाँट

जशीच्या तशी. लँबचे रॅक आणि लॉइन चॉप महाग, पण खांद्याचे चॉप त्यांच्या निम्म्या भावात मिळतात आणि चवीला मला तेच जास्त आवडतात, चरबी असते, हाड असतं. ब्लेड चॉप म्हणून मागा, पाऊण इंच जाडीचे. मीठ आदल्या रात्री. मग इथे दही वापरा, खुशाल वापरा. घट्ट, टांगून पाणी काढलेलं, पौंडाला तीन मोठे चमचे, आलं-लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काश्मिरी तिखट. दह्याचं आम्ल लिंबापेक्षा सौम्य, चार-पाच तासांत काही बिघडवत नाही. भाजण्याआधी दही बोटाने निपटून काढा, पातळ लेप राहू दे. पेटत्या बाजूला दर बाजूला तीन-चार मिनिटं, मग रिकाम्या बाजूला झाकणाखाली. लँबला चिवट भाग असतातच, म्हणून १४५ला थांबण्यापेक्षा मी याला १६०पर्यंत नेतो, खांद्याची चरबी ते सोसते. चरबी निखाऱ्यावर टपकून भडका उडेल, तेव्हा पाणी मारू नका, चॉप बाजूला सरकवा आणि झाकण लावा.

बोकडाचं मांस मात्र ग्रिलवर नको. हलाल दुकानात ते बहुतेक हाडासकट करवतीने कापलेलं, आणि बिनचरबीचं. त्याची जागा रश्श्यात. कोंबडीच्या मांड्या तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत माफ करणाऱ्या, पण त्यांच्यावर पुढच्या अंकात लिहीन.

काका, मी तुमच्याच गावची, सध्या वसईतच. इथे आता फक्त म्हशीचं मिळतं. अंडरकट सकाळीच संपतो, मांडीचं राहतं. त्याचा स्टेक होईल का शेगडीवर?
— एक वाचक, वसई

बाय, होईल, पण अमेरिकेच्या पद्धतीने नाही. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाचं मांसही बंद झालं, त्यामुळे तुमच्या हातात येतं ते रेड्या-म्हशीचं, बिनचरबीचं, गडद, बहुधा वय झालेल्या जनावराचं. दुसरी अडचण ताजेपणाची. अमेरिकेतलं बीफ दुकानात येईपर्यंत थंडीत कितीतरी दिवस मुरलेलं असतं, त्यात मांसाचेच एन्झाइम धागे सैल करतात. आपल्याकडे पहाटे कापलेलं सकाळी पिशवीत येतं, स्नायू तोवर ताठरलेले असतात. तेव्हा स्वच्छ दुकानातून आणा, लगेच फ्रिजमध्ये, झाकून, ४ अंश सेल्सिअसच्या खाली, आणि एक-दोन दिवस थांबा. एवढ्यानेही फरक कळेल.

मग मांडीचे धाग्यांना आडवे, बोटाच्या अर्ध्या जाडीचे काप, दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून बत्त्याने हलके ठोकून घ्या. इथे पपई लावा, ही तिचीच जागा : अर्ध्या किलोला एक चमचा, वीस मिनिटं, मग पुसून मीठ, मिरी, लसूण, व्हिनेगर. शेगडीचे निखारे लाल असताना दर बाजूला दीड मिनिट. आतून गुलाबी ठेवू नका, ७१ अंश सेल्सिअस गाठू दे, तिथली शीतसाखळी अमेरिकेसारखी नाही.

खरं विचाराल तर मी मांडीच्या मोठ्या तुकड्याला आपल्या घरच्यासारखंच करीन. आलं, लसूण, मिरी, दालचिनी, व्हिनेगर लावून रात्रभर, कुकरला मऊ होईपर्यंत, थंड झाल्यावर काप, आणि मग ते काप तव्यावर तुपात किंवा तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत. कुकरमधलं पाणी आटवून वर ओता. नाताळाला हेच तर करतो आपण.

मुरवण उरते ती फेकवत नाही. सॉस म्हणून वाढली तर?
— एक वाचक, टँपा

कच्चं मांस बुडालेली मुरवण तशीच कधीही नाही. खळखळून उकळलीत तर चालते, पण दह्याची असेल तर फाटते आणि लिंबाची असेल तर कडवटते. म्हणून वर अर्धी आधीच वेगळी ठेवायला सांगितली. आणि कच्चं मांस ज्या ताटातून ग्रिलकडे नेलं त्याच ताटात भाजलेलं परत आणू नका. पार्टीत हे हमखास होतं, कारण ताट हाताशी असतं. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या वर उकाडा असेल, आणि टँपाला असतोच, तर वाढलेलं मांस तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते उरलेलं परत गरम करू नका, शिजून चामडं होतं. तसंच थंड, अगदी पातळ कापा, उभा चिरलेला कांदा, लिंबू, कोथिंबीर, थोडी हिरवी चटणी, आणि गरम पोळीत गुंडाळा. डब्यात न्यायचं असेल तर कांदा वेगळा द्या.